सिनेमातलं खोटं कापड खरं कसं दिसतं? आणि याच विषयात मास्टर्स-पीएचडी करायची तर अर्ज कसा करायचा?

२००१ साली पिक्सारचा 'मॉन्स्टर्स, इंक.' आला. त्यात बू नावाची छोटी मुलगी ढगळ गुलाबी टी-शर्ट घालून पिक्चरभर पळत असते. बघणाऱ्यांचं लक्ष तिच्याकडे, नाहीतर त्या निळ्या केसाळ राक्षसाकडे. टी-शर्टकडे कोण बघतंय? पण त्या टी-शर्टच्या सुरकुत्या कुणी बसून एकेक करून काढलेल्या नव्हत्या. बू वळली की शर्ट कुठे दुमडणार, हे कॉम्प्युटर भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवून ठरवत होता.

पुढे २००६ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने डेव्हिड बराफ, मायकेल कॅस आणि अँड्र्यू विटकिन या तिघांना तांत्रिक पुरस्कार दिला, तो सिनेमातलं कापड खरं वाटावं म्हणून केलेल्या कामासाठी.

या विषयाला म्हणतात क्लॉथ सिम्युलेशन. गेम, ॲनिमेशन, व्हीएफएक्स बघून 'आपल्याला हेच करायचंय' म्हणणारी इंजिनिअरिंगची पोरं बरीच असतात. पण सॉफ्टवेअर वापरून कापड हलवणं वेगळं आणि त्या सॉफ्टवेअरच्या आतलं गणित शोधणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर वाट मास्टर्स किंवा पीएचडीची. तिथे अर्ज करताना सगळ्यात मोठी चूक होते ती 'मला ग्राफिक्सची आवड आहे' एवढ्यावरच थांबण्याची. आवड सगळ्यांनाच असते. कापड नेमकं कुठे बिघडतं हे ज्याला सांगता येतं, त्याचा अर्ज पुढे वाचला जातो.

म्हणून आधी कापड समजून घेऊ, मग अर्ज.

कॉम्प्युटरसाठी कापड म्हणजे काय?

अगदी पहिला प्रयत्न १९८६ सालचा. जेरी वाइल याने काही ठिकाणी टांगलेलं कापड कसं लोंबेल हे काढलं. दोन खिळ्यांना साखळी अडकवली की ती जशी झोल घेते, तेच वक्र त्याने वापरले. कापड दिसायचं छान, पण जागेवरच. वारा आला, माणूस चालला, तर काय होईल याचं उत्तर त्यात नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, दिमित्री तेर्झोपुलोस आणि सहकाऱ्यांनी लवचिक वस्तूंचं भौतिकशास्त्रच ग्राफिक्समध्ये आणलं आणि कापड खऱ्या अर्थाने हलायला लागलं.

समजायला सगळ्यात सोपी पद्धत स्प्रिंगची. कापडावर ठिपक्यांची रांगोळी काढली आहे असं समजा. प्रत्येक ठिपक्याला थोडं वजन आहे आणि शेजारचे ठिपके स्प्रिंगने जोडलेत. उभ्या-आडव्या स्प्रिंग म्हणजे ताणा आणि बाणा. तिरप्या स्प्रिंग कापडाची तिरपी ओढ सांभाळतात. शिंप्याकडे 'उरेब' हा शब्द ऐकला असेल. कापड सरळ ओढलं तर फारसं ताणत नाही, पण उरेब ओढलं की लगेच वाकडं होतं. आणि एक ठिपका सोडून पुढच्याला जोडलेल्या स्प्रिंग म्हणजे वाकण्याला होणारा विरोध. १९९५ साली झेव्हियर प्रोव्हो याने मांडलेली ही रचना आजही शिकवली जाते.

३० बाय ३० ठिपक्यांचा छोटा रुमाल घेतला तरी ९०० ठिपके आणि सुमारे ५,१०० स्प्रिंग होतात. कॉम्प्युटर प्रत्येक क्षणाला हिशोब करतो : कुठली स्प्रिंग किती ताणली, त्यामुळे ठिपक्यावर जोर किती, त्यातून वेग किती, आणि पुढच्या क्षणी ठिपका कुठे. मग परत पहिल्यापासून.

एवढं सोपं असेल तर पीएचडी कशावर करतात?

गोची आहे कापडाच्या स्वभावात. कापड ओढायला एकदम ताठर आणि वाकवायला एकदम मऊ. रबराचं नाटक करणं सोपं आहे, कारण ते दोन्हीकडे मऊ. कापडासाठी ताणाच्या स्प्रिंग प्रचंड कडक ठेवाव्या लागतात, नाहीतर शर्ट च्युइंगगमसारखा लोंबायला लागतो.

आणि स्प्रिंग कडक केली की हिशोब फुटतो. कडक स्प्रिंग जरा ताणली गेली तर ती ठिपक्याला इतक्या जोरात खेचते की तो पलीकडे निघून जातो. पुढच्या हिशोबात स्प्रिंग त्याला आणखी जोरात मागे खेचते, तो आणखी लांब जातो. दहा-बारा फेऱ्यांत रुमाल स्क्रीनवरून गायब. क्लॉथ सिम्युलेशन स्वतः लिहून बघितलेल्या प्रत्येकाने हा स्फोट पाहिलेला असतो. उपाय म्हणून दोन हिशोबांमधला वेळ कमी करायचा, पण तो महागात पडतो. स्प्रिंग १०० पट कडक केली तर वेळ १० पट बारीक करावा लागतो. सिनेमाला सेकंदाला २४ चित्रं लागतात आणि एकेका चित्रासाठी हजारो फेऱ्या मारायच्या म्हटल्यावर निर्माता रडणार.

इथे १९९८ साली बराफ आणि विटकिन यांचा 'लार्ज स्टेप्स इन क्लॉथ सिम्युलेशन' हा पेपर आला. या क्षेत्रात ज्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा हा पेपर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आत्ता जोर किती आहे ते बघून उडी मारू नका. उडी मारून जिथे पोहोचाल तिथला जोर किती असेल, तो धरून चाला. याला इम्प्लिसिट पद्धत म्हणतात. यात प्रत्येक पायरीला हजारो समीकरणं एकत्र सोडवावी लागतात, म्हणजे एक पायरी महाग. पण पायऱ्या इतक्या मोठ्या घेता येतात की एकूण हिशोबात स्वस्त पडतं.

यातली मजेची गोष्ट म्हणजे ही कल्पना नवी नव्हतीच. १९८७ च्या कामातही त्याच जातीची पद्धत होती. मधल्या दहा वर्षांत बहुतेकांनी सोपी वाट धरली आणि बारीक पायऱ्यांचा त्रास सहन करत राहिले. या दोघांनी जुनं हत्यार उचललं, त्याला धार लावली, ताण आणि वाक यांची नवी मांडणी केली. 'सगळं नवीनच शोधायचंय' या दडपणाखाली असलेल्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावं.

पण याही पद्धतीची किंमत आहे. मोठ्या पायऱ्या घेतल्या की हालचाल मरते. कापड जड, तेलात भिजवल्यासारखं वाटतं आणि बारीक सुरकुत्या पुसल्या जातात. २००२ साली दक्षिण कोरियातल्या चोई आणि को यांनी यावर काम केलं. कापड दाबलं की आकसत नाही, बाहेर फुगून दुमडतं. हे दुमडणंच त्यांनी नीट मांडलं, म्हणजे सुरकुत्यांना कृत्रिमपणे गप्प करण्याची गरज कमी झाली.

कापडाला कापडच नडतं

हिशोब फुटायचा थांबला, तरी अर्धी लढाई बाकीच असते. शर्ट अंगावर आहे, बाही काखेत दबली आहे, पदर स्वतःवरच दुमडला आहे. कापडाचा कुठलाही भाग कुठल्याही भागाला कधीही भिडू शकतो. आणि कापडाला जाडी जवळपास नसते. चेंडू भिंतीत थोडा शिरला तर 'आत गेलाय, बाहेर ढकल' असं म्हणता येतं. कापड कापडातून आरपार गेलं तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं? एकदा ही बाजू चुकली की पुढच्या प्रत्येक चित्रात गुंता वाढत जातो.

२००२ साली रॉबर्ट ब्रिडसन, रोनाल्ड फेडकिव आणि जॉन अँडरसन यांनी टकरा चुकू नयेत म्हणून एकामागे एक अशी तटबंदी उभी केली. आधी हलका विरोध, मग दोन क्षणांच्या मधल्या काळातली टक्कर शोधून काढणं, आणि काहीच जमलं नाही तर तेवढा भाग तात्पुरता एकसंध समजून पुढे नेणं. पुढच्या वर्षी बराफ, विटकिन आणि कॅस यांनी उलट बाजूने विचार केला. ॲनिमेटर पात्राला हलवताना हात छातीत घुसवतोच. मधे दबलेल्या कापडाला जायला जागाच नसते. तेव्हा गुंता होणारच असं धरून चालायचं आणि जागा मिळाली की तो सोडवायचा. २०२० साली आलेल्या 'इन्क्रिमेंटल पोटेन्शियल कॉन्टॅक्ट' या पद्धतीने मात्र आरपार जाणं गणितातच अशक्य करून ठेवलं. पुढच्या वर्षी ती कापड आणि धाग्यांसारख्या पातळ वस्तूंपर्यंत नेली गेली. खात्री मिळाली, पण वेग गेला.

गेमवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १६-१७ मिलिसेकंद, आणि त्यात कापडाच्या वाट्याला थोडेच. मथियास म्युलर आणि सहकाऱ्यांनी जोराचा हिशोबच बाजूला ठेवला आणि ठिपक्यांच्या जागा थेट दुरुस्त करणारी 'पोझिशन बेस्ड डायनॅमिक्स' आणली. वेगवान आणि न फुटणारी. एकच खोड : कापड किती कडक दिसेल हे कापडावर नाही, तर तुम्ही किती वेळा दुरुस्ती केली यावर ठरायचं. ही खोड काढणारी सुधारणा २०१६ साली आली.

आता आपली साडी घ्या

साडीला शिवण नाही, बटण नाही. साधारण साडेपाच मीटरची सलग पट्टी, नऊवारी घेतली तर आठ मीटरच्या वर. ती अंगावर राहते ती फक्त घर्षणावर आणि खोचण्यावर. निऱ्यांच्या जागी पाच-सात थर एकमेकांना चिकटून, आणि ते सगळे एकाच वेळी घसरायला बघतात. काठाला जरी, म्हणजे तिथे कापड ताठ आणि पोटात मऊ. नऊवारीत काष्टा आला की तीच पट्टी पायांमधून मागे जाऊन खोचली जाते.

दर ५ मिलिमीटरला एक ठिपका धरला तरी साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटीमीटर रुंद साडीचे जवळपास २ लाख ४२ हजार ठिपके होतात. बारकावा दुप्पट करा, ठिपके चौपट. सरळ पसरलेल्या पदरावर एवढे ठिपके वाया जातात आणि निऱ्यांत कमी पडतात. यावरचा एक उत्तम उपाय २०१२ साली राहुल नारायण, आर्मिन समी आणि जेम्स ओब्रायन यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात काढला. सुरकुती जिथे पडते तिथेच जाळी बारीक होते आणि कापड सरळ झालं की पुन्हा मोठी होते. तेही सुरकुतीची दिशा बघून. त्यांचं 'आर्कसिम' हे सॉफ्टवेअर कोडसकट उपलब्ध आहे. नारायण आता आयआयटी दिल्लीत शिकवतात.

शिवाय सगळी कापडं जाळीने समजतच नाहीत. स्वेटर विणलेला असतो, त्याची ताणण्याची गंमत टाक्यांमध्ये असते. २००८ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या काल्डर, जेम्स आणि मार्शनर यांनी सुईवरचा एकेक धागा धरूनच स्वेटर चालवला. आणि खरं सुती कापड नक्की किती कडक, हे मोजायचं कसं? जपानच्या कावाबाता यांनी वस्त्रोद्योगासाठी बनवलेली मोजमाप यंत्रणा ग्राफिक्सवाल्यांनी १९९४ मध्येच वापरली होती. मोजमापाचा प्रश्न मात्र आजही जिवंत आहे. ऑनलाइन खरेदीत 'हा ड्रेस मला कसा बसेल' दाखवायचं किंवा रोबोला कपड्याची घडी घालायला शिकवायचं, तर नुसतं छान दिसून भागत नाही, बरोबर असावं लागतं. मशीन लर्निंगने वेग वाढवण्याची कामंही जोरात आहेत. थोडक्यात, विषय संपलेला नाही.

बरं, मग अर्ज करताना काय करायचं?

पहिली गोष्ट, अर्जाच्या वर्षभर आधी एक पेपर निवडा आणि तो स्वतः लिहून चालवा. ३० बाय ३० चा रुमाल दोन कोपऱ्यांना टांगा, साध्या पद्धतीने चालवा, स्प्रिंग कडक करत जा आणि तो फुटताना बघा. मग १९९८ ची इम्प्लिसिट पद्धत लिहा. मग पायरी मोठी करत जा आणि सुरकुत्या कधी गायब होतात याची नोंद ठेवा. विटकिन आणि बराफ यांच्या अभ्यासक्रमाच्या नोट्स पिक्सारच्या साइटवर फुकट आहेत, म्युलर यांचे 'टेन मिनिट फिजिक्स' हे धडेही फुकट आहेत. बहुतेक लेखक आपले पेपर स्वतःच्या पानावर ठेवतात. महागडं मशीनही लागत नाही, असा रुमाल साध्या लॅपटॉपवर चालतो. लागते ती रेषीय बीजगणिताची आणि कॅल्क्युलसची तयारी, म्हणजे एम-२, एम-३ मध्ये कसंबसं पास होऊन जे सोडून दिलं तेच.

यातून एसओपी आपोआप सुधारते. 'लहानपणी अमुक सिनेमा पाहिला आणि ठरवलं' अशी सुरुवात निवड समितीने इतक्यांदा वाचलेली असते की पुढचं वाक्य वाचायची इच्छा उरत नाही. त्याऐवजी असं बघा : 'मी इम्प्लिसिट पद्धत लिहिली. पायरी वाढवल्यावर रुमालाच्या सुरकुत्या गेल्या. वाकण्याचा विरोध कमी करूनही त्या परत आल्या नाहीत, म्हणजे दोष कापडाच्या गुणधर्मात नसून वेळेच्या हिशोबात आहे असं मला वाटतं.' हे चार ओळींचं निरीक्षण पानभर आवडीपेक्षा भारी आहे. ते चुकीचं निघालं तरी चालेल. माणूस विचार कसा करतो हे त्यातून दिसतं.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात आणि आपल्याकडे घोळ इथेच होतो. विभागप्रमुखांच्या लेटरहेडवर 'विद्यार्थी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे' हे पत्र, ते पण बऱ्याचदा विद्यार्थ्यानेच लिहून नेलेलं. त्याचा उपयोग शून्य. ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलं, तुम्ही अडकलात कुठे आणि सुटलात कसे हे ज्यांना सांगता येईल, अशा कनिष्ठ प्राध्यापकाचं पत्रही मोठ्या नावापेक्षा वजनदार ठरतं. म्हणूनच फायनल इयरचा प्रोजेक्ट किंवा उन्हाळ्यातली रिसर्च इंटर्नशिप महत्त्वाची.

आता पैशाचं बोलू, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. अमेरिकेत पीएचडीला सहसा फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. मास्टर्स बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून, म्हणजे कर्जातून. चार वर्षांच्या बी.ई.नंतर तिथे थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हे अनेकांना माहीतच नसतं. कॅनडात टोरंटो किंवा ब्रिटिश कोलंबियासारख्या विद्यापीठांत संशोधनाचं मास्टर्स पगारी असतं. युरोपात पीएचडी म्हणजे बऱ्याच ठिकाणी नोकरीच, पण आधी मास्टर्स हवं. फक्त कोर्स करून संपणारं मास्टर्स कर्ज काढून करायचं आणि वर संशोधनाचा अनुभव मिळेल अशी आशा ठेवायची, हा सौदा मला तरी फारसा पटत नाही.

अर्जाची फीही हलकी नसते, एकेका ठिकाणी साधारण ७५ ते १५० डॉलर. म्हणून विद्यापीठाच्या रँकिंगमागे न धावता माणूस शोधा. कापडावर किंवा लवचिक वस्तूंवर गेल्या चार-पाच वर्षांत कोण लिहितंय ते सिग्राफ, युरोग्राफिक्स आणि सिम्पोझियम ऑन कॉम्प्युटर ॲनिमेशन या परिषदांच्या यादीत बघा. मग ते प्राध्यापक अजून तिथे आहेत का हेही तपासा. बराफ आणि विटकिन कार्नेगी मेलन विद्यापीठात होते आणि पुढे पिक्सारमध्ये गेले. या क्षेत्रात असं होतच असतं. एकच माणूस असलेल्या विद्यापीठात तो गेला की विद्यार्थी अधांतरी.

वेळापत्रक असं की अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. ट्रान्सक्रिप्ट काढायला आपल्या विद्यापीठात किती चकरा माराव्या लागतात हे तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा ते काम ऑगस्टमध्येच सुरू करा. जीआरई अनेक विभागांनी काढून टाकली आहे, प्रत्येकाच्या पानावर बघून घ्या. प्राध्यापकांना मेल करायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, छोटा, त्यांच्या एखाद्या पेपरवर एक नेमका प्रश्न आणि तुमच्या रुमालाच्या व्हिडिओची लिंक. जानेवारीत नको. सिग्राफला पेपर पाठवायची मुदत जानेवारीतच असते आणि तेव्हा सगळी लॅब रात्र-रात्र जागत असते. निकाल साधारण जानेवारी ते मार्चमध्ये लागतात. फंडिंगच्या ऑफरवर होकार-नकार कळवायला बहुतेक अमेरिकन विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, त्याआधी कुणी घाई केली तर घाबरायचं नाही.

आणि बाहेर जायचं नसेल किंवा जमत नसेल तर? आयआयटी दिल्ली, आयआयटी मुंबई, हैदराबादची ट्रिपल आयटी इथे ग्राफिक्सवर काम चालतं. एम.टेक.ला गेट लागते आणि त्यावर महिना १२,४०० रुपये मिळतात. संशोधनावर भर हवा असेल तर दिल्ली आणि हैदराबादला मिळणारी एम.एस. बाय रिसर्च ही पदवी जास्त योग्य, तिथे थिसिस हाच मुख्य भाग असतो. पीएचडीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. आयसीव्हीजीआयपी या भारतातल्या परिषदेत विद्यार्थ्यांचे पेपर घेतले जातात, आणि पहिला पेपर तिथे झाला तर पुढच्या अर्जात तो चांगला दिसतो.

पहिल्या वर्षी सगळीकडून रिजेक्ट येणंही नेहमीचंच आहे. तोवर मुंबईतल्या व्हीएफएक्स स्टुडिओत 'सीएफएक्स' विभाग असतो, कपडे आणि केस सांभाळणारा. तिथे वर्षभर काम केलं तर कुठल्या शॉटमध्ये कापड दरवेळी गुंततं, कुठली साडी सिम्युलेशनला नीट बसत नाही, हे डोळ्यांदेखत दिसतं. फक्त त्याची वही ठेवा, कारण पुढच्या डिसेंबरच्या एसओपीला लागणारा प्रश्न त्यातच असतो.